नामांतरानंतर नोंद सापडेना: खान्देशातल्या दफ्तरांसाठी दुरुस्ती

गावाचं, जिल्ह्याचं किंवा संस्थेचं नाव बदललं की महिन्याभरात तीच तक्रार सुरू होते. संगणकात नवं नाव शोधलं तर फक्त नव्या नोंदी येतात, जुनं शोधलं तर जुन्या, आणि दोन्हींची बेरीज रजिस्टरशी जुळत नाही. दाखल्यावर इंग्रजी नाव अर्धंच छापलं जातं. तळोद्यात 1985 साली जन्मलेल्या माणसाच्या दाखल्यावर 'जि. धुळे' असतं, आणि अर्जात धुळे जिल्हा निवडला की तालुक्यांच्या यादीत तळोदे नसतंच. तोवर टेबलापलीकडची माणसं जुन्या-नव्या नावावरून हमरीतुमरीवर आलेली असतात.

दोन्ही भांडणांचं मूळ बहुतेक वेळा एकच सापडतं. नावालाच ओळख मानलेलं असतं. संगणकात प्रत्येक नोंदीला एक 'प्रायमरी की' असते, म्हणजे कधीही न बदलणारा क्रमांक. नाव हा त्या नोंदीचा फक्त एक रकाना. नावालाच की केलं की नाव बदलताच जुन्या नोंदी पोरक्या होतात. राजकारणातही असंच होतं. 'नाव गेलं म्हणजे इतिहास गेला' आणि 'नाव आलं म्हणजे इतिहास परत आला' ही दोन्ही वाक्यं नावाला की मानूनच बोलली जातात. नाव हे मानाचं, आठवणीचं, अपमानाच्या भरपाईचं ठिकाण असतं आणि ते महत्त्वाचंच आहे. पण सातबारा, पदवी, जन्माची नोंद त्या नावाला टांगून ठेवू नये.

2011 च्या जनगणनेत नंदुरबारला 497, धुळ्याला 498, जळगावला 499 आणि औरंगाबादला 515 क्रमांक होता. सप्टेंबर 2023 मध्ये औरंगाबाद जिल्ह्याचा छत्रपती संभाजीनगर झाला, तरी 2011 च्या तक्त्यात 515 म्हणजे तोच जिल्हा. ज्या दफ्तराने आपल्या यादीत हा आकडा ठेवला होता, तिथे काही बिघडलं नाही.

आधी वादाचा प्रकार ओळखा

प्रकार न ओळखता दुरुस्तीला हात घातला की बिघाड वाढतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

सरळ नामांतर म्हणजे 'रिनेम'. क्रमांक तोच, सीमा त्याच, पाटी नवी. उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर, आणि आपल्याकडे एदलाबादचं मुक्ताईनगर. 2004 च्या विधानसभा निवडणुकीच्या कागदांवर मतदारसंघ एदलाबाद आहे, पुढे मुक्ताईनगर. दोन्ही कागद आपापल्या तारखेला बरोबर आहेत.

नामविस्तार म्हणजे 'अपेंड'. जुनं नाव पुसायचं नाही, त्याच्यापुढे जोडायचं. मराठीत या दोन गोष्टींना दोन स्वतंत्र शब्द आहेत याचं कारण आपण फार मोठी किंमत मोजून हा फरक शिकलो. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात 27 जुलै 1978 रोजी झाला आणि अंमल 14 जानेवारी 1994 रोजी. मधली साडेपंधरा वर्षं दलित वस्त्यांनी जाळपोळ सोसली, माणसं गेली. शेवटी झालं ते 'मराठवाडा' शब्द ठेवून. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव जोडलं गेलं, तोही विस्तारच. म्हणून 2015 च्या पदवीवर लहान नाव आणि 2020 च्या पदवीवर लांब नाव असलं, तरी विद्यापीठ एकच. नोकरीच्या अर्जात दोन वेगळी विद्यापीठं दाखवू नका.

तिसरा प्रकार केवळ इंग्रजी पाटीचा. 1995 मध्ये 'बॉम्बे'चं 'मुंबई' झालं तेव्हा मराठी कागदावर एक अक्षरही बदललं नाही. 'धुलिया'चं 'धुळे' हेही तसंच. संगणकाच्या भाषेत हे 'लोकलायझेशन': मराठी रकाना जसाच्या तसा, इंग्रजी रकाना नवा. इथे मराठी नोंदींना हात लावायचं काहीच कारण नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकृत इंग्रजी नावात आजही 'बॉम्बे' आहे, त्यामुळे शहराचा नियम न्यायालयाला लावून मोकळं होऊ नका.

चौथा प्रकार 'फोर्क', म्हणजे एकाचे दोन. खान्देश जिल्ह्याचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम खान्देश झाले, 1960 मध्ये त्यांची नावं जळगाव आणि धुळे झाली, आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. 1906 आणि 1998 हे फोर्क, 1960 हा रिनेम. ही गल्लत आपल्याकडे सर्वांत जास्त होते. 'धुळे जिल्ह्याचं नाव बदलून नंदुरबार झालं' असं समजून कोणी जुन्या यादीत सरसकट बदल केला, तर साक्री आणि शिरपूरही नंदुरबारात जाऊन बसतात. फोर्कमध्ये नोंदी तालुकावार वाटाव्या लागतात: नंदुरबार, नवापूर, शहादे, तळोदे, अक्कलकुवा, अक्राणी एका बाजूला, धुळे, साक्री, शिंदखेडा, शिरपूर दुसऱ्या बाजूला.

पाचवा प्रकार नामसाम्याचा, त्याला 'नेमस्पेस'ची टक्कर म्हणतात. नेमस्पेस म्हणजे ज्या कक्षेत एक नाव एकालाच असावं ती कक्षा. जगातलं याचं सर्वांत ठळक उदाहरण मॅसेडोनिया. 1991 मध्ये युगोस्लाव्हियातून हा देश वेगळा झाला, आणि शेजारच्या ग्रीसने हरकत घेतली, कारण त्यांच्या उत्तरेकडच्या प्रदेशाचंही नाव मॅसेडोनियाच. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्याला 'पूर्वाश्रमीचं युगोस्लाव प्रजासत्ताक मॅसेडोनिया' असं कामचलाऊ नाव देऊन आत घेतलं. प्रोग्रामर मंडळी घाईत 'टेम्प-1' नाव देतात, नंतर बदलू म्हणतात, आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. हे अगदी तसंच झालं. त्या इंग्रजी नावाची सुरुवात 'द' या शब्दाने होत होती, म्हणून आमसभेत त्यांची जागा 'एम'च्या रांगेत नव्हती, 'टी'च्या रांगेत थायलंडशेजारी होती. ग्रीसशी झालेल्या 17 जून 2018 च्या प्रेस्पा कराराने वाद मिटला आणि फेब्रुवारी 2019 पासून 'उत्तर मॅसेडोनिया' झालं. नावापुढे दिशा लावून टक्कर सोडवली. देशाचे आंतरराष्ट्रीय संकेत 'एमके' आणि 'एमकेडी' मात्र कराराने तसेच ठेवले, फक्त गाड्यांवरचं अक्षर बदललं. परदेशात चालणारे कागद बदलायला पाच वर्षांची मुदतही करारातच लिहिली. आपल्याकडच्या नामांतराच्या आदेशांतही अशी मुदत स्पष्ट असावी. ती नसली की प्रत्येक खातं आपल्या सोयीने पाटी बदलतं आणि लोक मधल्या मध्ये अडकतात.

आपले पूर्वज हा उपाय फार आधीपासून वापरत आलेत. जळगाव खान्देश आणि बुलढाण्यातलं जळगाव जामोद. बुद्रुक आणि खुर्द. 'मुडी प्र. डांगरी' यातलं 'प्र.' म्हणजे प्रगणे, जुना महसुली विभाग; तर्फ हाही तसाच. शहाद्याकडे 'मोहिदे त. ह.' आणि 'मोहिदे त. श.' असतं, त्यातलं 'त. ह.' म्हणजे तर्फ हवेली, 'त. श.' म्हणजे तर्फ शहादे. ही शेपटी फालतू समजून डाटा एंट्री करणारे ती कापून टाकतात. मग दोन गावांची माणसं एका गावात जमा होतात आणि घरकुलाच्या यादीत घोळ होतो. ही शेपटी म्हणजे गावाचा नेमस्पेस आहे, ती कधीही कापू नका.

शेवटचा प्रकार 'एलियस', उपनाव. महसुली तालुका अक्राणी, ठिकाण धडगाव, लोक दोन्ही म्हणतात. यात कोणाचंही चूक नाही. एक अधिकृत ठेवा, दुसरं शोधात चालू द्या.

दुरुस्ती

पहिलं काम: शोधा-आणि-बदला हे बटण वापरू नका. 'औरंगाबाद' सरसकट बदललं की 'औरंगाबादकर' आडनावाची माणसं बदलतात, बिहारमधला औरंगाबाद जिल्हा बदलतो, आणि धुळे-जळगाव-नंदुरबारचे खटले ज्या औरंगाबाद खंडपीठात चालले त्यांच्या जुन्या निकालांचे संदर्भही बिघडतात.

त्याऐवजी एक वेगळा तक्ता करा. एक्सेल पुरेसं आहे. रकाने असे: क्रमांक, मराठी नाव, इंग्रजी नाव, कधीपासून, कधीपर्यंत, बदलाचा प्रकार, राजपत्राचा दिनांक. एका ठिकाणाच्या जितक्या नावांच्या कारकिर्दी, तितक्या ओळी. क्रमांक मात्र सगळ्यांत तोच. नाव अजून चालू असेल तर 'कधीपर्यंत' रिकामं. छापताना कागदाच्या तारखेला जे नाव लागू होतं ते तक्त्यातून उचलायचं. 2019 च्या दाखल्याची दुय्यम प्रत 2025 मध्ये काढली, तरी मजकुरात 2019 चंच नाव येईल.

क्रमांक कोणता घ्यायचा? जनगणनेचा किंवा केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेचा, पण दोन्हींची सरमिसळ नको, ते आकडे वेगळे असतात. जनगणनेचा घेतलात तर वर्षही लिहा, कारण 2001 च्या यादीत नंदुरबारचा क्रमांक 01 होता आणि 2011 च्या यादीत 497. नावाच्या अक्षरांवरून घरगुती संकेत बनवू नका. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासाठी 'यूएमव्ही-01' असा संकेत नामविस्ताराच्या दिवशीच शिळा होतो. मुंबईचं व्हीटी स्थानक 1996 मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, 2017 मध्ये 'महाराज' शब्द जोडला गेला तेव्हा रेल्वेचा संकेत 'सीएसटीएम'वरून 'सीएसएमटी' करावा लागला. विमानतळाचा 'बीओएम' मात्र कोणी हलवला नाही, आणि त्याने कोणाचं तिकीट अडलं नाही.

मग जुन्या नावांची दुसरी यादी: एदलाबाद, धुलिया, पश्चिम खान्देश, उमवि (उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ), धडगाव, प्रत्येकापुढे त्याचा क्रमांक. पश्चिम खान्देशपुढे धुळे आणि नंदुरबार दोन्ही येतील. शोध दोन्ही तक्त्यांतून चालवा. जगभरच्या संगणकांतली वेळेची यादी, म्हणजे कोणत्या ठिकाणी कोणती वेळ लागू ते सांगणारी यादी, याच पद्धतीने चालते. कोलकाता हे नाव 2001 मध्ये आलं, त्या यादीत 'एशिया/कोलकाता' 2008 मध्ये झालं, पण 'एशिया/कॅलकटा' अजून उपनाव म्हणून जिवंत ठेवलंय. म्हणून जुने प्रोग्राम बंद पडले नाहीत.

नाव अर्धं छापलं जात असेल तर रकान्याची लांबी बघा. 'छत्रपती संभाजीनगर' इंग्रजीत रिकाम्या जागेसह 25 अक्षरं होतं. वीस अक्षरांच्या रकान्यात शेवटचं 'नगर' कापलं जातं. देवनागरीत तेच नाव 17 युनिकोड चिन्हांचं (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत), पण जागा 49 बाइट (साठवणीचं एकक) घेतं, कारण प्रत्येक देवनागरी चिन्हाला 3 बाइट लागतात. 'औरंगाबाद'ला 24 पुरत होते. काही डेटाबेस लांबी अक्षरांत मोजतात, काही बाइटांत. बाइटांत मोजणारा असेल तर 300 ठेवा, अक्षरांत मोजणाऱ्याला 100 पुरे.

नाव तेच दिसतं, तरी जुळत नाही

इथे राजकारण अजिबात नसतं, पण तास न् तास इथेच जातात. जळगाव आणि जळगांव, नंदुरबार आणि नंदूरबार, खान्देश आणि खानदेश हे संगणकाला वेगळे शब्द आहेत. शुद्धलेखनाच्या 1962 च्या नियमांनी 'गांव'वरचा अनुस्वार गेला, पाट्यांवर आणि जुन्या रजिस्टरांत तो आजही आहे. ही रूपंही उपनावांच्या यादीत घाला.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेल्या फायली असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये आणा. त्या फायलीत पडद्यावर 'धुळे' दिसतं, आत भलतीच अक्षरं असतात. कोणताही शोध चालणार नाही.

त्यानंतर न दिसणारी चिन्हं. शेवटची मोकळी जागा ट्रिम सूत्राने जाते. जोडाक्षरांसाठी वापरलेली शून्य रुंदीची दोन चिन्हं, क्रमांक 8204 आणि 8205, ट्रिमने जात नाहीत. ती सबस्टिट्यूट आणि युनिकॅर ही सूत्रं जोडून काढावी लागतात. पण थांबा, ती थेट काढू नका. शिरपूर तालुक्यातलं 'तऱ्हाडी' घ्या. काही कळफलकांवर त्यातला अर्धा ऱ हा 2352, 2381 आणि 8205 या तीन चिन्हांनी बनतो. त्यातलं 8205 काढलं की रफार होऊन नाव 'तर्हाडी' होतं आणि गावच हरवतं. म्हणून आधी ही तीन चिन्हांची जोडी 2353 आणि 2381 ने बदला, म्हणजे खरा ऱ येईल, आणि मग उरलेली 8204, 8205 काढा. हा क्रम उलटा झाला तर पुन्हा मूळ फायलीवरूनच सुरुवात करावी लागते. म्हणून सुरू करण्याआधी मूळ रकान्याची प्रत शेजारी ठेवा.

जुने दाखले

जन्माच्या वेळी जो जिल्हा होता तो दाखल्यावर आहे, म्हणजे नोंद बरोबर आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम 1969 चं कलम 15 चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्यासाठी आहे. मोलगीच्या 1990 च्या नोंदीत 'धुळे' असणं ही चूकच नाही. तरी लोक प्रतिज्ञापत्र करून ती बदलायला धावतात, आणि हाती शाळेचा दाखला एक सांगतो, जन्मदाखला दुसरं, ओळखपत्र तिसरं अशी अवस्था येते. अर्जात आजचा जिल्हा निवडा. शेरा लिहायची जागा असेल तर 'मोलगी, ता. अक्कलकुवा, जि. नंदुरबार (1 जुलै 1998 पूर्वी जि. धुळे)' असं लिहा. हरकत आली तर जिल्हा निर्मितीच्या अधिसूचनेची प्रत जोडा. तिची एक स्वच्छ प्रत प्रत्येक सेवा केंद्रात फायलीला लावलेली असावी.

जे नाव दिसूच नये

उपनावं जिवंत ठेवा असं वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे आणि तो काटेकोरपणे पाळायला हवा. डिसेंबर 2020 मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्या आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. ग्रामपंचायतीने पाटी बदलली, पण घरपट्टीच्या पावतीवर आणि पाणीपट्टीच्या यादीवर जुनं नाव छापून येतच राहतं. ज्याच्या दारात ती पावती जाते, त्याला दर वर्षी तोच घाव बसतो. संगणकाच्या जगानेही 'मास्टर' (मालक) आणि 'स्लेव्ह' (गुलाम) हे शब्द याच कारणाने सोडायला सुरुवात केली. प्रोग्राम साठवायच्या गिटहब या संकेतस्थळाने 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेला 'मास्टर'ऐवजी 'मेन' म्हणायला घेतलं. जुने प्रोग्राम जिथे 'मास्टर' शब्द थेट लिहून बसले होते तिथे अडखळले, आणि ते एकेक शोधून दुरुस्त करावे लागले. आपल्या दफ्तरातही तसंच शोधावं लागेल: पावतीचा नमुना, मतदार यादीचा भाग-मथळा, शाळेच्या हजेरीपटाचा पत्ता, पाण्याच्या टाकीवरची अक्षरं.

उपनावांच्या तक्त्यात यासाठी एक जादा रकाना ठेवा: 'छापायचं? होय/नाही'. जातिवाचक नावापुढे 'नाही'. जुना उतारा शोधणाऱ्या कारकुनाला ते मिळेल, छापील कागदावर कधीच येणार नाही. आणि नवं नाव देताना गावाचा क्रमांक सोबत ठेवा, कारण समता नगर आणि भीम नगर गावोगाव झाली आहेत.

खान्देश कुठे लिहायचा?

प्रशासकीय यादीत खान्देश नावाची ओळच नाही. विभाग नाशिक, जिल्हे तीन. तरी लोक 'जळगाव खान्देश' म्हणतात. उलट 1601 मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने राजपुत्र दानियालच्या नावाने या प्रांताचं 'दानदेश' केलं होतं, बादशाही फर्मानाने. ते कागदातच राहिलं. नाव टिकतं ते तोंडी वापराने, म्हणून दफ्तराने तोंडी नावही नोंदवायला हवं.

तक्त्यात खान्देशसाठी दोन ओळी करा. 'सध्याचा' या ओळीपुढे 497, 498, 499. 'ऐतिहासिक' या ओळीपुढे त्यांच्यासोबत 1869 मध्ये नाशिक जिल्ह्यात गेलेले मालेगाव, बागलाण, नांदगाव, आणि मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर. कोणती ओळ वापरली ते प्रत्येक अहवालात लिहा, म्हणजे आकडे का जुळत नाहीत यावर बैठका होणार नाहीत.

भाषेच्या रकान्यातही हीच काळजी. आंतरराष्ट्रीय भाषा-संकेतांत अहिराणीला 'एएचआर' आणि खान्देशीला 'केएचएन' असे दोन संकेत आहेत. 2011 च्या जनगणनेने मात्र अहिराणी खान्देशीच्या पोटात धरली आणि सगळे मिळून सुमारे 18 लाख 60 हजार भाषक मोजले. एका यादीत फोर्क, दुसरीत एकच. सर्वेक्षणाचा अर्ज करताना यातलं काही आधीच ठरवू नका. समोरचा माणूस जे नाव सांगेल ते जसंच्या तसं एका रकान्यात लिहा, संकेत शेजारच्या रकान्यात नंतर भरा. सांगितलेलं नाव खोडून संकेत लिहिला, तर ती माहिती पुन्हा मिळवायला त्याच दारात जावं लागतं.